शिवराक अन्न आणि अंगचे बळ

ग्वाल्हेरच्या रेल्वे स्थानकाकडून मुरारच्या दिशेने निघाले म्हणजे वाटेत थाटीपुर लागते. सरकारी नोकरांच्या वसाहतीमुळे हा भाग शहरात सर्वांना ठाऊक झाला. माझी धाकटी बहीण लग्न होऊन तेथील एका मराठी घरात गेली, त्यास आता अकरा वर्षे झाली. आमचे माहेर कोकणातले, सारस्वतांचे. सोमवार, एकादशी आणि श्रावणमास सोडला तर ताटात नुस्तें असावयाचेच. सासर मात्र शिंद्यांच्या दौलतीबरोबर उत्तरेकडे गेलेल्या देशस्थांचे आणि पूर्ण शाकाहारी. तिने त्या घरची रीत पहिल्या दिवसापासून मनोभावे स्वीकारली. कोणी तिच्यावर ती लादली नव्हती. देवघर आणि स्वयंपाकघर यांचा एकच सोवळेपणा असावा, हे तिला स्वतःलाच पटले होते.

गेल्या दोन वर्षांत मात्र तिला विलक्षण थकवा जाणवू लागला. जिना चढताना धाप लागे आणि दुपारी डोळे मिटून पडावे असे वाटे. सणासुदीला माहेरी आली, तर पुरण वाटतानाच हात गळून जात. मग माहेरची वडीलधारी माणसे बोलू लागली, “नुस्तें सोडलें म्हणून बळ गेलें.” सासूबाईंना हे बोलणे लागले. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी मांसमत्स्याला शिवले नव्हते आणि त्या स्वतः सत्तरीतही पहाटे उठून अंगण झाडत होत्या. एका बाजूला लेकीची काळजी, दुसऱ्या बाजूला कुळाचे व्रत, आणि या दोहोंच्या मध्ये ती बिचारी थकलेली मुलगी. शिवराक अन्नाने माणसाचे बळ खरोखर उणावते काय, हा प्रश्न अशा रीतीने आमच्या घरात आला. त्याचे उत्तर शोधताना आढळले की हा वाद घरगुती नाही. गेली शंभर-सव्वाशे वर्षे तो विद्वानांत आणि वैद्यांत चालू आहे, आणि त्याचे काही महत्त्वाचे टप्पे आपल्या मुंबई-पुण्यातच घडले आहेत. त्यांचाच मागोवा येथे घेत आहे.

प्रथम ग्वाल्हेरपासूनच आरंभ करू. या नगरीला मांसाहाराची ओळख आहे तशीच निरामिष व्रताचीही आहे. गोपाचलाच्या कड्यांत कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती पंधराव्या शतकातील, तोमर राजांच्या काळातील होत. त्यापुढे साडेतीनशे वर्षांनी, १८१० च्या सुमारास, दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली आणि त्या छावणीचेच ‘लष्कर’ हे शहर झाले. मराठ्यांची फौज शाकाहारी होती असे कोणी म्हणू नये. तीत अनेक जातींचे लोक होते आणि बहुतेकांना मांस वर्ज्य नव्हते. परंतु स्वारीवरील रोजचे अन्न म्हणजे मुख्यतः धान्य, हेही तितकेच खरे. ग्रँट डफ यांनी आपल्या इतिहासात नोंदविलेली एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. निजामाने थोरल्या बाजीरावांचे चित्र काढून आणण्यास चितारी पाठविला, तेव्हा त्याला बाजीराव घोड्यावर बसून, भाला खांद्यावर टेकवून, जोंधळ्याची कणसे हातावर चोळून खात जाताना दिसले. बाजीराव शाकाहारी होते असा तिचा अर्थ नव्हे. शेकडो कोसांची दौड मूठभर जोंधळ्यावर होऊ शकते, एवढाच तिचा अर्थ.

दुसरा प्रसंग थाटीपुरापासून फार दूर नाही. जून १८५८ मध्ये सर ह्यू रोज यांच्या फौजेने १६ तारखेला मुरारची छावणी घेतली आणि पुढच्या एक-दोन दिवसांतच राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या. त्यांच्या देहाची विटंबना होऊ नये म्हणून गंगादासांच्या मोठ्या शाळेतील वैष्णव साधूंनी शस्त्र धरले, आणि ७४५ साधू कामी आले असे तेथील परंपरा सांगते. त्यांच्या समाधी आजही त्या मठात आहेत. वैष्णव साधूंचे अन्न निरामिष. त्या अन्नावर वाढलेल्या देहांनी भर ज्येष्ठाच्या उन्हात तलवार चालविली. उलट, त्याच मोहिमेत रोज यांचे मांसाहारी गोरे सैनिक उन्हाच्या झळीने रस्त्यावर कोसळत होते. स्वतः रोज यांनाही कुंचच्या लढाईत पुनःपुन्हा ऊन बाधले होते. ज्याने ग्वाल्हेरचा उन्हाळा भोगला आहे त्याला याचे नवल वाटणार नाही.

तथापि येथे सावध राहिले पाहिजे. शौर्याच्या कथा अभिमानास्पद असतात, पण त्यांवरून आहारशास्त्र सिद्ध होत नाही. साधू लढले ते निष्ठेने. गोरे सैनिक कोसळले ते उन्हाने. त्यांच्या थाळीतील मांसाचा तो दोष नव्हता. आपले प्राचीन ग्रंथही याबाबतीत एकांगी नाहीत. चरकसंहितेत जीवन देणाऱ्या पदार्थांत दुधाला श्रेष्ठ म्हटले आहे, तर शरीर पुष्ट करणाऱ्या पदार्थांत मांसाला. ज्यांनी अहिंसेसाठी मांस सोडले, त्यांनी ते निर्बळ अन्न म्हणून सोडले नाही. बळ देणारे असूनही सोडले. व्रताचे मोल त्यातच आहे.

इंग्रजी राज्यात हा प्रश्न निराळ्याच रूपाने पुढे आला. राज्य कोण करतो आणि गुलाम कोण होतो, याचे कारण ताटात शोधण्याची एक टूम निघाली. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डेव्हिड मॅके यांनी १९१२ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, बंगाल्यांच्या आहारात प्रथिने थोडी म्हणून त्यांच्यात जोम थोडा. हीच समजूत त्याच्या कितीतरी आधी राजकोटच्या शाळकरी मुलांतही पसरली होती. मांस खाल्ल्याने आपण इंग्रजांना हुसकावू शकू, अशा कल्पनेने गांधीजींनी लहानपणी चोरून मांस खाल्ल्याची हकीकत त्यांनीच आत्मकथेत दिली आहे.

याच सुमारास अमेरिकेत उलट निष्कर्ष निघाला. येल विद्यापीठाचे आयर्विंग फिशर यांनी १९०७ मध्ये मांसाहारी आणि मांसवर्जक अशा माणसांना दोन्ही हात आडवे पसरून धरावयास लावले. १५ मांसाहाऱ्यांपैकी केवळ दोघांना पाव तासाहून अधिक वेळ हात धरता आले. ३२ मांसवर्जकांपैकी २२ जणांना ते साधले. शाकाहाराच्या पुरस्कर्त्यांनी हा प्रयोग डोक्यावर घेतला. पण मांसवर्जकांपैकी बरेच जण शाकाहाराचे अभिमानी होते, आणि आपले तत्त्व खरे करून दाखविण्याची जिद्द हाच एक मोठा टॉनिक असतो, हे विसरता येत नाही. आजवर जे अधिक काटेकोर अभ्यास झाले, त्यांत समतोल शाकाहार घेणाऱ्यांच्या आणि मांस खाणाऱ्यांच्या दमदारपणात मोठा फरक दिसून आलेला नाही. थाटीपुराजवळच, १८५७ च्या शताब्दीच्या वर्षी म्हणजे १९५७ साली, लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय निघाले. व्यायाम हे तेथे शास्त्र म्हणून शिकविले जाते. मांस खातो की नाही, एवढ्याच प्रश्नावर खेळाडूचा दम ठरविता येत नाही, हे ते शास्त्र आज सांगते.

मग कोणता प्रश्न विचारावयाचा? तो प्रथम नीट विचारला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी. निलगिरीतील कुन्नूर येथे १९२० नंतरच्या दशकात त्यांनी हिंदुस्थानातील सात लोकसमूहांचे आहार तयार करून उंदरांना घातले. शीख आहारावरील उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, त्याखालोखाल पठाणी आणि मग मराठी आहारावरील. सर्वांत शेवटी सडलेल्या तांदळावर आधारलेल्या मद्रासी आहारावरील. शीख आहारात मांस होते, पण अगदी प्रसंगोपात्त. त्याचा कणा म्हणजे कोंड्यासकट गव्हाची पोळी, भरपूर दूध, दही, ताक, लोणी, डाळ आणि ताजी भाजी. म्हणजे फरक पडला तो मांसाने नव्हे, तर असडीक धान्याने आणि दुधाने.

ही गोष्ट आम्हां कोकणवासीयांना तर विशेष पटावी. पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळावर राहणाऱ्यांना पूर्वेकडील देशांत बेरीबेरी होत असे. पाय जड होत, छाती धडधडे, माणूस चालता चालता बसून घेई. जावा बेटात आइकमन यांना १८९० नंतरच्या दशकात कोंबड्यांवरून या रोगाचा माग लागला. पुढे मलायात फ्रेझर आणि स्टँटन यांनी दाखविले की, उकडा तांदूळ खाणाऱ्यांना हा रोग होत नाही. भात उकडताना तुसाखालील सत्त्व दाण्यात मुरते आणि सडले तरी पुरते जात नाही. तेच पुढे ब-१ जीवनसत्त्व ठरले. आपल्या आजीच्या उकड्या तांदळाच्या पेजेला शहरातील सुनांनी नाक मुरडले, पण त्या पेजेत शास्त्र होते. थकवा आला तो धान्य खाल्ल्याने नव्हे, धान्य गोरे करण्याच्या हौसेने.

आता मुंबईकडे वळू. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईत आल्या आणि हाफकिन संस्थेत त्यांनी कामास आरंभ केला. गिरणगावातील गरोदर स्त्रियांना एक जीवघेणा पांडुरोग होत असे. त्यांचे रक्त पातळ होई, तांबड्या पेशी संख्येने घटून आकाराने मोठ्या होत. ज्यांचे अन्न निकृष्ट, त्यांच्यात हे प्रमाण अधिक. विल्स यांनी यीस्टचा अर्क देऊन या स्त्रिया बऱ्या केल्या आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केले. यीस्ट हे मांस नव्हे. ज्या द्रव्याची उणीव होती ते म्हणजे फोलिक आम्ल. हिरव्या पालेभाज्यांत आणि डाळींत ते विपुल असते. १९४५ मध्ये ते कृत्रिमरीत्या तयार करणाऱ्या अमेरिकेतील पथकाचे प्रमुख आपले आंध्र प्रांतीय यल्लाप्रगडा सुब्बराव होते. तेव्हा रक्त वाढविण्याचा निदान एक मार्ग तरी भाजीच्या टोपलीतून जातो, हे सिद्ध झाले.

परंतु एक मार्ग तेथून जात नाही, आणि शाकाहाऱ्यांची खरी कसोटी तेथेच लागली. १९२६ साली मायनॉट आणि मर्फी यांनी दाखविले की, एरवी प्राणघातक ठरणारा एक पांडुरोग पशूंचे यकृत खाऊ घातल्याने बरा होतो. यकृतात असे काही आहे की जे धान्यात, भाजीत, फळात नाही. तेव्हापासून सुमारे बावीस वर्षे व्रतस्थ रोग्यापुढे मोठे धर्मसंकट होते. औषध म्हणून यकृताचा अर्क घ्यावा, की देह पडू द्यावा? या संकटाची जात गांधीजींच्या एका अनुभवावरून कळते. १९१२ मध्ये त्यांनी दूधही सोडले होते. १९१८ मध्ये ते खेड्याखेड्यांतून हिंडताना भयंकर आजारी पडले, आणि मुंबईचे डॉक्टर दलाल यांनी स्पष्ट सांगितले की, दुधावाचून शरीर भरून येणार नाही. व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे होते, शेळीच्या दुधाला काय हरकत, असे कस्तुरबांनी सुचविले. गांधीजींनी ते घेतले आणि ते उभे राहिले. पण व्रताचा शब्द पाळून आत्मा मोडला, ही टोचणी त्यांनी लपविली नाही. देहाची गरज आणि व्रताची निष्ठा यांचे भांडण इतक्या थोर माणसालाही सोपे नव्हते, मग आपल्यासारख्यांची काय कथा!

हे संकट शास्त्रानेच दूर केले. १९४८ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये यकृतातील ते द्रव्य शुद्ध रूपात वेगळे झाले; तेच ब-१२ जीवनसत्त्व. त्याची गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ च्या सुमारास उलगडली. पण आपल्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे द्रव्य गाय, मासा किंवा माणूस यांपैकी कोणीच स्वतः तयार करीत नाही. ते तयार करतात सूक्ष्म जिवाणू. गाईच्या कोठ्यातील जिवाणू ते बनवितात आणि तेथून ते दुधात उतरते. कारखान्यांतूनही ते जिवाणूंच्या आंबवणीनेच काढतात. गोळीच्या किंवा इंजेक्शनच्या रूपाने ब-१२ घेणाऱ्या शाकाहाऱ्याने प्राणिहिंसा केली असे म्हणता येणार नाही. ज्यांना अधिक काटेकोर राहावयाचे असेल त्यांनी कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे पशुजन्य, तर नाही ना, एवढे पाहावे. साधी गोळी घेतली की तोही प्रश्न राहत नाही.

या ज्ञानाचा आपल्या समाजाशी किती निकटचा संबंध आहे, हे पुण्याने दाखविले. तेथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी निघाले, आणि शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण ८१ टक्के होते. वारंवार मांसाहार करणाऱ्यांच्या तुलनेने शाकाहाऱ्यांत ही उणीव असण्याचा संभव ४.४ पट होता. हे आकडे शाकाहाराच्या अभिमान्यांनी डोळे झाकून टाळावेत असे नाहीत. ही उणीव असलेला प्रत्येक जण थकलेला असतो असे नव्हे. पुष्कळांना काहीच जाणवत नाही. पण ती दीर्घकाळ राहिली तर रक्त उणावते, हातापायांना मुंग्या येतात, स्मरण मंदावते.

येथे माझ्या बहिणीच्या कोड्याचा एक धागा उलगडतो. ब-१२ चा साठा यकृतात काही वर्षे पुरेल इतका असतो. माहेरच्या बांगड्या-तारल्यांनी भरलेली ही पेटी सासरी हळूहळू रिती होत गेली, दोन बाळंतपणांत आणखी उपसली गेली, आणि म्हणून थकवा आला तो लग्नानंतर लगेच नव्हे, तर इतक्या वर्षांनी. तिच्या सासरच्या घरात दूध येत होते, पण ते मुलांच्या वाट्याला जाई. सकाळ-संध्याकाळ चहात पडेल तेवढेच तिचे. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे २ मायक्रोग्रॅम ब-१२ लागते, आणि पेलाभर दुधातून त्यातील जवळजवळ निम्मे मिळते. चहातील दोन चमचे दुधाने ही भर कशी व्हावी?

दुसरा धागा लोहाचा. धान्य-डाळी-पालेभाज्यांत लोह असते, पण मांसातील लोहाइतके ते सहज अंगी लागत नाही. कोंड्यातील फायटेट आणि चहातील टॅनिन त्याला अडवून धरतात. लिंबू, आवळा, कोथिंबीर यांतील क जीवनसत्त्व त्याला वाट करून देते. मोड आणल्याने, आंबविल्याने फायटेट कमी होते. मटकीची उसळ आणि तीवर लिंबू पिळण्याची आपली रीत म्हणूनच शहाणपणाची; जेवणावर लगेच चहा पिण्याची नवी रीत मात्र तशी नाही. उपवासाचेही तेच. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असे आपण हसून म्हणतो, पण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट; त्यात ना लोह, ना प्रथिन. आठवड्याला दोन उपवास केवळ साबुदाण्यावर काढणाऱ्या स्त्रीला थकवा आला तर त्याचा बोल शाकाहाराला का लावावा?

आणखी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांचे रक्त कमी आढळले; पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. या देशात मांस खाणाऱ्या स्त्रियाही कोट्यवधी आहेत. तेव्हा हा केवळ सामिष-निरामिषाचा भेद नव्हे. स्त्रीच्या देहातून दरमहा रक्त जाते, प्रसूतीत जाते; आणि जिच्या देहाला लोह अधिक हवे, तिच्याच पानात सर्वांच्या मागून, उरलेसुरले पडते. मासळीच्या घरातही तळलेली तुकडी प्रथम पुरुषांच्या पानात जाते आणि घरच्या सुनेला बहुधा कढीच उरते, हे आमच्या कोकणातल्या वाचकांनी प्रांजळपणे कबूल करावे.

मग पुढे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटत असेल. आरंभी एका वैद्याने बहिणीला शक्तीचे औषध लिहून दिले आणि तपासणी काही केली नाही. त्याने गुण आला नाही. दुसऱ्याने रक्त तपासविले. हिमोग्लोबिन ९ निघाले. स्त्रियांत ते निदान १२ असावे. ब-१२ ही फार कमी होते. थायरॉईड, मधुमेह यांचीही तपासणी त्याने करविली, कारण थकव्याची कारणे अनेक असतात आणि प्रत्येक थकवा ताटातून येत नाही. ती दोन्ही ठीक होती. मग लोहाच्या गोळ्या आणि ब-१२ ची इंजेक्शने सुरू झाली. तीन-चार महिन्यांनी तिचा फोन आला तो जिना चढता चढताच, आणि बोलताना धाप लागत नव्हती.

पण मला सर्वांत समाधान वाटले ते सासूबाईंच्या वागण्याचे. त्यांच्या पायांना बरेच दिवस मुंग्या येत होत्या. वय झाले म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. वाढत्या वयात जठरातील आम्ल कमी होते आणि अन्नातील ब-१२ पुरेसे सुटत नाही, हे वैद्याने सांगितल्यावर त्यांनी स्वतःचेही रक्त तपासविले. तेही उणे निघाले. आता दोघी मिळून गोळी घेतात. ती जिवाणूंपासून होते, जीवहत्येतून नव्हे, याची खातरी त्यांनी स्वतः करून घेतली. त्याच दिवसापासून घरात नियम झाला की, रात्री सूनही सर्वांबरोबर पानावर बसेल आणि तिच्यापुढे दुधाचा पेला असेल. तिने पुन्हा मासे खावेत असे आता माहेरीही कोणी म्हणत नाही.

आमच्या देवस्थानांत समाराधनेला पंगती बसतात. त्या पंगतीत वरण असते, उसळ असते, पालेभाजी असते, ताक असते आणि पानाच्या डाव्या बाजूला लिंबाची फोड असते. पूर्वजांनी सिद्ध केलेले हे पान पूर्ण आहे. त्यात ब-१२ ची जी उणीव राहते, ती भरून काढण्याची सोय आज झाली आहे. व्रत पाळणाऱ्याने बळाची भीती बाळगू नये, पण देह कुरकुरला तर व्रताच्या अभिमानाने त्याचे तोंडही दाबू नये. जी पंगतीत वाढते तिचे पान शेवटी कसे भरले जाते, हे पाहणे हाही अन्नब्रह्माच्या पूजेचाच भाग होय.